दारातले सहा जण

२ जुलै १९३९. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या कॅरव्हॅन हॉलच्या दारात तरुण पोरांचा वाद पेटला होता. आत पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन, म्हणजे वर्ल्डकॉन, भरत होतं. भरवणारे आणि अडवले गेलेले, दोन्हीकडचे बहुतेक जण विशीच्या आगेमागे. 'फ्युचरियन्स' गटातल्या सहा जणांना आत घेतलं नाही. फ्रेडरिक पोल, डोनाल्ड वॉलहाइम, सिरिल कॉर्नब्लथ, रॉबर्ट लाउंड्झ, जॉन मिशेल आणि जॅक गिलेस्पी. ही मंडळी डाव्या विचारांची. पत्रकं वाटतील, सभा उधळतील अशी धास्ती संमेलन भरवणाऱ्या सॅम मॉस्कोविट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांना होती. आयझॅक असिमॉव्ह त्याच गटातला, पण तो आत गेला.

या मुलांची ओळख झाली होती टपालातून. ह्यूगो गर्न्सबॅकने १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक सुरू केलं आणि वाचकांच्या पत्रांखाली त्यांचे पूर्ण पत्ते छापले. मग एका गावचा वाचक दुसऱ्या गावच्या वाचकाला थेट लिहू लागला. पत्रांतून मंडळं झाली, मंडळांतून चाहत्यांनी घरच्या घरी काढलेली 'फॅनझिन' निघाली, आणि शेवटी भेटल्यावाचून राहवेना. इंग्लंडात लीड्सला जानेवारी १९३७ मध्ये जेमतेम वीसेक माणसं जमली. त्यांत एकोणीस वर्षांचा आर्थर क्लार्क होता. न्यूयॉर्कला सुमारे २०० जण आले. सन्मान्य पाहुणा होता फ्रँक आर. पॉल, मासिकांची मुखपृष्ठं रंगवणारा चित्रकार. मानाची पहिली खुर्ची चित्रकाराला दिली, हे मला फार मोलाचं वाटतं. त्या पोरांनी परग्रह पहिल्यांदा पाहिले ते पॉलच्या रंगांत. याच संमेलनात फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यकाळातले पोशाख घालून वावरले. आजच्या कॉस्प्लेचा उगम अनेक जण तिथे शोधतात. दोन्ही पोशाख डग्लसने केले होते. नाव मात्र वर्षानुवर्षं एकट्या अॅकरमनचं झालं. हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

महायुद्धामुळे १९४२ ते १९४५ संमेलन झालं नाही. पुढे ते टोरांटोला (१९४८), लंडनला (१९५७), हायडेलबर्गला (१९७०), योकोहामाला (२००७) गेलं. भारतात अजून आलेलं नाही.

आपल्या साहित्य संमेलनामागे महामंडळ उभं असतं. वर्ल्डकॉनमागे कायमचं कार्यालय नाही, पगारी कारभारी नाही. दरवर्षी नवं शहर, नवी समिती, आणि सगळे राबणारे हौसेचे. यजमानपद हवं असलेला गट कितीतरी आधीपासून कामाला लागतो. सभागृहांची भाडी काढतो, हॉटेलांशी खोल्यांचे दर ठरवतो, दुसऱ्या संमेलनांत जाऊन रात्री पार्ट्या देतो आणि आपल्या गावाची बाजू मांडतो. निवड दोन वर्षं आधी, मतदानाने होते. पैसे उरले तर त्यातला वाटा पुढच्या समित्यांना देण्याची चांगली रीत आहे.

इथे प्रवेशासाठी सभासद व्हावं लागतं, आणि हा फरक नुसत्या शब्दाचा नाही. व्यासपीठावर बोलणारा लेखक आणि खुर्च्या हलवणारा स्वयंसेवक, दोघेही सर्वसाधारणपणे आपापली वर्गणी भरून आलेले असतात. सभासदाला संमेलनाच्या ह्यूगो पुरस्कारासाठी नावं सुचवता येतात, मत देता येतं. संमेलनाच्या घटनेत बदल सुचवायचा असेल तर कामकाजाच्या सभेत उभं राहायचं. लागोपाठ दोन वर्षं मंजूर झाला की बदल लागू. ही सभा तासन्‌तास चालते आणि कंटाळवाणी असते. तरीही नव्याने जाणाऱ्याने तिथे एकदा बसावंच. संमेलन कुणाचं आहे ते तिथे कळतं. बाकी वेळ परिसंवाद, चित्रप्रदर्शन, जुन्या पुस्तकांची दुकानं. लेखकासोबत एका टेबलाभोवती मोजक्या वाचकांनी बसून गप्पा मारायच्या, त्यासाठी आधी नाव नोंदवायचं. आणि रात्री उशिरा 'फिल्क', म्हणजे विज्ञानकथांवर रचलेली गाणी.

आयोजनाची खरी गोष्ट मला १९५३ च्या फिलाडेल्फियात दिसते. ह्यूगो पुरस्कार त्या वर्षी सुरू झाले. कादंबरीचा पहिला मान आल्फ्रेड बेस्टरच्या 'द डिमॉलिश्ड मॅन'ला. मानचिन्ह म्हणून धातूची रॉकेटं हवी होती. ती जॅक मॅकनाइट या चाहत्याने स्वतः यंत्रावर घडवली, आणि त्या खटाटोपात संमेलनाचा बराचसा भाग त्याला पाहायलाच मिळाला नाही. त्याची मुलगी पेगी रे सापिएन्झा पुढे १९९८ च्या बाल्टिमोर वर्ल्डकॉनची अध्यक्ष झाली.

असं विश्वासावर चाललेलं काम विश्वास तुटला की किती दुखावतं, ते चीनमधल्या चेंगडूने दाखवलं. २०२३ चं संमेलन तिथे, तळ्याकाठच्या नव्या विज्ञानकथा संग्रहालयात भरलं. चिनी वाचकांचा उत्साह अस्सल होता. ल्यू त्सशिनच्या कादंबरीला २०१५ मध्ये ह्यूगो मिळाल्यापासून तो वाढत गेला होता. पण जानेवारी २०२४ मध्ये ह्यूगोच्या मतांचे आकडे बाहेर आले तेव्हा आर. एफ. क्वांगच्या 'बेबेल'सह काही नावं कारण न देता अपात्र ठरवल्याचं उघड झालं. लेखकांनी चीनबद्दल काय लिहिलं आहे ते पुरस्काराची व्यवस्था पाहणाऱ्यांनी तपासलं होतं, हेही पाठोपाठ कळलं. म्हणजे पुन्हा दारात कुणीतरी उभा होता, या वेळी न दिसणारा. त्या चिनी वाचकांसाठी मला जास्त वाईट वाटतं. त्यांच्या पहिल्या सणावर डाग पडला. पुढच्या ग्लासगो समितीने ३७७ मतं बनावट ठरवून बाद केली, आणि ती का बाद केली ते निकालाच्या आधीच जाहीर सांगितलं. अशा उघडेपणाचीच गरज होती.

या संदर्भात आपल्याकडची एक गोष्ट आठवते. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली आणि पहिली ठरली. लेखक होते जयंत विष्णु नारळीकर; आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून त्यांनी ते नाव घेतलं होतं. नावाच्या वजनाने परीक्षकांचा तोल जाऊ नये, ही काळजी स्पर्धकानेच वाहिली.

कॅरव्हॅन हॉलच्या दारातून परत पाठवलेल्यांपैकी वॉलहाइम मोठा संपादक आणि प्रकाशक झाला. पोल त्या दिवशी एकोणीस वर्षांचा होता. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या वर्ल्डकॉनने त्याला सन्मान्य पाहुणा म्हणून बोलावलं. संपादक म्हणून त्याला ह्यूगो मिळाले, 'गेटवे' या कादंबरीसाठी मिळाला. २०१० मध्ये, नव्वदी पार केल्यावर, आणखी एक मिळाला. तो 'सर्वोत्तम चाहता लेखक' या वर्गातला होता.