कासवाला वाडा कसा हवा?

“कासवाला घर कशाला? ते तर आपले घर पाठीवर घेऊनच हिंडते!” असे कोणीही चटकन म्हणेल. पण कासवाचे कवच म्हणजे त्याचे घर नव्हे. त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा रुंद होऊन एकमेकांना जुळले, त्याचे हे कवच झाले आहे. वरून आपल्या नखांत असते त्याच केराटिनाच्या पातळ चकत्या बसवलेल्या असतात. तुम्ही जसे आपल्या बरगड्यांतून बाहेर येऊ शकत नाही, तसे कासवही कवचातून बाहेर येऊ शकत नाही. शत्रूच्या दातांपासून कवच त्याला वाचवते, थंडीपासून मात्र नाही. रात्री ते दगडासारखे गार पडते आणि त्याबरोबर आतले कासवही गार पडते.

मग कासवाला घर हवे ते कसे? हे एका कासवालाच विचारू या. त्याचे नाव टिमथी.

इंग्लंडमधील सेलबोर्न या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट नावाचे निसर्गनिरीक्षक राहत असत. त्यांच्या आत्याने रिंगमर या गावी भूमध्य समुद्राकडचे एक कासव सुमारे ४० वर्षे सांभाळले होते. १७८० साली आत्या वारली, तेव्हा मातीत गाढ झोपलेले हे कासव उकरून काढून व्हाइट यांनी घोडागाडीने सुमारे ८० मैलांवरच्या आपल्या बागेत आणले. पुढे १७९३ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत ते त्याच्या नोंदी करीत राहिले. टिमथी त्यांच्यानंतर वर्षभराने मेले. त्याचे कवच लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. ते तपासल्यावर कळले की टिमथी मादी होती!

बागेत टिमथीला कोणी खास वाडा बांधून दिला नव्हता. पण हवी ती जागा ते शोधून काढी. कडक उन्हात कोबीच्या मोठ्या पानाखाली जाऊन बसे. शरद ऋतूत ऊन मंदावले की भिंतीपाशी जाई आणि कवच तिच्यावर तिरपे टेकवून उभे राही. नोव्हेंबर आला की मातीत भोक पाडायला लागे, तेही इतके सावकाश की पाहणारा कंटाळून जावा.

भिंतीला टेकून उभे राहण्यात काय साधत असेल? थोडे गणित करा. ऑक्टोबरच्या मध्यास सेलबोर्नला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३० अंश वर असतो. अशा तिरप्या उन्हात सपाट जमिनीच्या एका चौरस फुटावर जितकी उष्णता पडते, तिच्या दुप्पट उष्णता सूर्याकडे तोंड करून धरलेल्या तेवढ्याच फळीवर पडते. कागदाचा तुकडा आणि विजेरी घेऊन हे घरी पाहता येईल. शिवाय तापलेली भिंतही ऊब देते. टिमथीला गणित येत नव्हते, पण उत्तर बरोबर येत होते.

कासवासारख्या प्राण्यांना शीतरक्ताचे म्हणण्याची आपली जुनी सवय आहे. हा शब्द मला फारसा आवडत नाही, कारण उन्हात बसलेल्या कासवाचे रक्त आपल्याइतकेच कोमट असू शकते. फरक एवढाच की आपली शेगडी पोटात आहे आणि त्याची आकाशात. भूमध्य समुद्राकडच्या कासवांचे शरीर ३० अंश सेल्सिअसच्या आसपास आले की ती नीट चालतात, खातात, खाल्लेले पचवतात. गार पडलेल्या कासवाच्या पोटात पाला पडून राहतो. उलट शरीर ४० अंशांच्या पुढे तापले तर जिवावर बेतते. म्हणून कासव दिवसभर उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात ये-जा करते. त्याच्या शरीराचे तापमान त्याचे पाय सांभाळतात, असे म्हटले तरी चालेल. ज्या पेटीत सगळीकडे एकच तापमान आहे, तिथे त्या पायांना काही कामच उरत नाही. पेटी कितीही सुंदर असो, ती कासवाला निरुपयोगी.

इंग्लंडात आजही पुष्कळ लोक भूमध्य समुद्राकडची कासवे बाळगतात. पूर्वी ती तिथे जहाजे भरभरून येत. वाटेतच असंख्य मरत, आणि उरलेल्यांतली पुष्कळशी पहिल्याच हिवाळ्यात. १९८४ साली हा व्यापार बंद झाला. त्यानंतर लोक आहेत ती कासवे जपू लागले आणि वाडे शहाणपणाने बांधू लागले.

असा वाडा बागेतल्या सर्वांत उन्हाच्या जागी असतो. रानातले हर्मान जातीचे कासव एक-दोन हेक्टर जागेत हिंडते. तेवढी बाग कोणापाशी असणार? तेव्हा जागेची उणीव विविधतेने भरून काढायची. एके ठिकाणी मातीचा उंचवटा करायचा, त्याचा उतार सूर्याकडे ठेवायचा. काही सपाट दगड मांडायचे. झुडपे लावायची, एखादे मोठे कौल पालथे घालायचे. एक भाग वाळू मिसळलेल्या भुसभुशीत मातीचा ठेवायचा, म्हणजे त्याला उकरता येईल आणि पावसाचे पाणीही साठणार नाही. ओल आणि गारठा एकत्र आले की या कासवांचे नाक वाहू लागते आणि दुखणे छातीत उतरते.

कुंपण कशाचे करावे? पुष्कळांना जाळी सुचते. जाळी वाईट. पलीकडचे गवत दिसते आणि आपण तिथे का जाऊ शकत नाही हे कासवाला उमगत नाही. ते दिवसच्या दिवस जाळीला धडका देते, नाक खरवडून घेते. विटांची किंवा फळ्यांची आरपार न दिसणारी भिंत असली की ते निमूट मागे वळते. भिंत कासवाच्या लांबीच्या दुपटीहून उंच हवी आणि वीतभर जमिनीत गाडलेली हवी, कारण ते खालून उकरते. कोपऱ्यांकडे विशेष लक्ष द्यायचे. दोन भिंतींत पाय रोवून कासव आश्चर्य वाटेल इतके वर चढते आणि मग उताणे पडते. उन्हात उताणे पडलेले कासव स्वतः सुलटे होऊ शकले नाही तर थोड्या वेळात भाजून मरते. म्हणून कोपरे गोलाकार करतात किंवा वरून आडवी फळी ठोकतात. आणि फाटक? १७८४ साली टिमथी बागेच्या फाटकातून निसटले, ते आठवड्याहून अधिक काळ सापडले नाही. कासव मंद असते, पण त्याला घाई नसते.

पाण्याचे भांडे परळासारखे उथळ हवे आणि काठापर्यंत जमिनीत पुरलेले हवे. पाणी त्याच्या हनुवटीपर्यंत आले की पुरे.

वाड्यावर काच घातली तर? ऊब राहील, पण सूर्याचा एक भाग बाहेरच अडेल. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी ज्यांच्या साहाय्याने त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते, ते किरण खिडकीच्या साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. ड जीवनसत्त्व नाही म्हणजे अन्नातले कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि वाढत्या कासवाचे कवच दाबले तर दबेल इतके मऊ राहते. खिडकीत ठेवलेल्या पेटीत कासव छान ऊन खात आहे असे आपल्याला वाटते, आणि त्याची हाडे मात्र उपाशी असतात. यासाठी अतिनील किरण देणारे खास दिवे मिळतात. त्यांतही एक गोम आहे. काही महिन्यांनी त्यांचे अतिनील किरण कमी होतात, पण उजेड तसाच दिसतो. डोळ्यांवर विश्वास न ठेवता दिवा ठरल्या वेळी बदलावा लागतो.

हिवाळ्यात ही कासवे झोपतात. त्यांना सुमारे ५ अंश तापमान मानवते. पाणी गोठेल इतकी थंडी पडली तर ती मरतात, आणि १० अंशांवर गेले की जागी होऊन साठवलेली चरबी वाया घालवतात. असे नेमके तापमान घरात कुठे असते? शीतकपाटात! तिथले कित्येक लोक आपले कासव खरोखरच एका वेगळ्या शीतकपाटात निजवतात आणि हवा बदलावी म्हणून रोज दार उघडतात.

आता आपल्याकडचे पाहू. भारतातल्या स्टार कासवाच्या कवचावर पिवळ्या चांदण्या असतात. ते दक्षिण भारतात, गुजरात-राजस्थानच्या कोरड्या भागात, पाकिस्तानात आणि श्रीलंकेत आढळते. ते हिवाळ्यात मातीत झोपत नाही. त्याला पावसाळ्याची हिरवळ हवी आणि दुपारी दाट झुडपाची सावली हवी. टिमथीचा वाडा त्याला चालायचा नाही. हवेतल्या ओलाव्याचीही गोष्ट आहे. आफ्रिकेतल्या एका मोठ्या जातीच्या पिलांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. कोरड्या हवेत वाढलेल्या पिलांच्या कवचावर जास्त उंच टेंगळे आली. खाण्यातल्या प्रथिनांचा परिणाम त्या मानाने थोडाच होता. स्टार कासवाला रानातही थोडे उंचवटे असतात, एवढे मात्र लक्षात ठेवा.

पण हे कासव घरी ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, गेले. २०१९ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद आहे. परदेशी कासवांचीही आता सरकारकडे नोंद करावी लागते. तरीही ‘कासव घरात असले की लक्ष्मी येते’ या समजुतीपायी त्यांची चोरटी विक्री चालते. ती बादलीत किंवा काचेच्या पेटीत पाण्यात ठेवली जातात. जमिनीवरचे कासव पोहणारे नव्हे, ते त्यात बुडू शकते! कोणाकडे असे कासव दिसले तर मोठ्यांना सांगून वनखात्याला कळवा. स्वतः नेऊन रानात सोडू नका. माणसांत राहिलेल्या कासवाचे रोग रानातल्यांना लागतात. शिवाय गुजरातकडची आणि दक्षिणेकडची स्टार कासवे आनुवंशिक दृष्ट्या वेगळी आहेत, त्यांची सरमिसळ होता कामा नये. २०१८ साली सिंगापूरहून ५१ स्टार कासवे विमानाने भारतात परत आली, तेव्हा त्यांनाही आधी वाड्यात ठेवूनच पुढची तयारी करावी लागली.

वाडा मात्र तुम्ही कासवाशिवायही आखू शकता. नारळाच्या सहा करवंट्या घ्या, ओल्या वाळूने भरा आणि पालथ्या घाला. ही तुमची कासवे. प्रत्येकीच्या डोळ्यातून प्रयोगशाळेतल्या तापमापकाचा फुगा वाळूत खुपसा. ताप मोजायचा तापमापक नको, तो ४२ अंशांपुढे जात नाही. एक करवंटी उघड्या उन्हात ठेवा, एक झुडपाखाली, एक दक्षिणेकडच्या भिंतीशी, एक पालथ्या कौलाखाली, एक ओल्या गवतात आणि एक वीतभर खोल खड्ड्यात पुरून. सकाळी ७ पासून संध्याकाळी ७ पर्यंत दर दोन तासांनी सहाही आकडे लिहा आणि एकाच आलेखकागदावर सहा रंगांनी काढा. मग २८ आणि ३२ अंशांवर दोन आडव्या रेघा मारा. त्या दोन रेघांमध्ये राहायचे असेल तर तुमच्या कासवाला दिवसातून किती वेळा जागा बदलावी लागेल, ते मोजा. हाच प्रयोग मे महिन्यात एकदा आणि डिसेंबरात एकदा करा.