रोल गेला, पण आजी त्यातच सापडली

आजचा प्रश्न सोपा वाटतो: डिजिटलने रोलला कायमचं घरी बसवलं का? उत्तर आधीच देऊन टाकतो. हो, बसवलं. तुमच्याआमच्यासारख्या रोजच्या फोटोवाल्यांसाठी तरी नक्कीच. पण मागच्या पावसाळ्यात हे उत्तर मला जरा टोचलं.

झालं असं, की आम्ही मळवलीचे. मित्रांबरोबर भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजायला गेलो आणि माझा फोन पाण्यात गेला. त्याच उन्हाळ्यात आजी गेली होती. तिचे शेवटच्या दोन वर्षांतले सगळे फोटो त्याच फोनमध्ये! बॅकअप? ‘जागा संपली आहे’ असा मेसेज सहा महिने येत होता आणि मी सहा महिने तो बाजूला सारत होतो. दुरुस्तीवाला म्हणाला, बोर्ड गेलंय. आजच्या फोनमध्ये मेमरी त्या बोर्डावरच चिकटवलेली असते आणि आतली माहिती कुलूपबंद असते. नुसती चिप काढून हाती काही लागत नाही. काकूला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले दोन फोटो होते, पण तिथे पाठवताना फोटो दाबून लहान होतो. भिंतीवर लावायला मोठा करायला गेलो, तर आजीचा चेहरा म्हणजे नुसते चौकोन.

मग बाबांनी माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत निगेटिव्हच्या पट्ट्या. 1999 साली एकवीरेला गेलो होतो, तेव्हाचा रोल.

ज्यांनी रोल पाहिलाच नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्लॅस्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा थर, त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक कण. प्रकाश पडला की कण बदलतात, रसायनात धुतलं की चित्र उमटतं. एका रोलमध्ये 36 फोटो. आमचे बाबा तेवढ्यात लोहगड, कार्ले आणि एक बारसं बसवायचे! रोल लोणावळ्यात धुवायला टाकायचा आणि वाट बघायची. फोटो हलला की नाही, ते आठवड्याने कळणार.

त्यात रोलचा वेग ठरलेला. शंभरचा रोल घातला की 36च्या 36 फोटो शंभरचे. कार्ल्याचं चैत्यगृह आठवा. दोन हजार वर्षं जुनं, छताला लाकडी कमानी, उजेड काय तो समोरूनच. बाहेर ढग असतील तर आत अंधारच. फ्लॅश मारला तर जवळचा खांब पांढराफटक आणि मागे काळोख. आता तुमचा फोन तिथे पाठोपाठ बरेच फोटो घेतो आणि एकावर एक रचून स्वच्छ चित्र काढतो. इथे रोलची बाजू घेण्यात अर्थ नाही.

गंमत म्हणजे पहिला डिजिटल कॅमेरा 1975 मध्ये रोल विकणाऱ्या कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने बनवला. फोटो फक्त दहा हजार बिंदूंचा, तोही कृष्णधवल. कॅसेटवर उतरायला 23 सेकंद. 2012 मध्ये त्याच कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. आणि ज्या खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्याने रोल हटवला, तो कॅमेराही फोनने गिळला.

आज हौसेने रोल घेणारी पोरं आहेत. मजा आहे, करा. पण रोल, धुलाई, स्कॅन मिळून सहज हजाराच्या पुढे जातं, म्हणजे एका क्लिकला अठ्ठावीस-तीस रुपये. वाढदिवसाला केक कापताना कोण करणार एवढा हिशोब?

मग रोलचं चांगलं काय होतं? कुणी मुद्दाम न करताही दोन प्रती व्हायच्या. अल्बममध्ये प्रिंट आणि डब्यात निगेटिव्ह. आमचा अल्बम घर बदलताना हरवला, पण डबा राहिला. अर्थात निगेटिव्हही अमर नाही. लोणावळ्याच्या जुलैत चपलांना, पट्ट्यांना बुरशी येते, मग जिलेटिनला का सोडेल? तिचं ते खाद्यच. आमच्या निम्म्या पट्ट्यांवर जाळी आली होती.

उरलेल्या मी अशा वाचवल्या: लॅपटॉपवर कोरा पांढरा पडदा, त्याच्या थोडी वर काचेवर पट्टी. पडद्याला चिकटवली तर पडद्याचे ठिपकेही फोटोत येतात. खोलीत अंधार करून नव्या फोनने फोटो काढला आणि अ‍ॅपमध्ये रंग उलटे केले. रंगीत निगेटिव्ह मुळात नारिंगी असते, म्हणून उलटल्यावर सगळं निळसर दिसतं. ते सावकाश सुधारायचं. तीन रात्री गेल्या. फाइल आता तीन ठिकाणी आहे, त्यातली एक काकूकडच्या पेनड्राइव्हवर.

एकोणिसाव्या फ्रेममध्ये आजी सापडली. लेण्याबाहेर, नऊवारीत, उन्हाने डोळे बारीक केलेली. डाव्या कोपऱ्यात बुरशीचा एक डाग होता. मी तो पुसायला घेतला, तर बाबा म्हणाले, “राहू दे रे. तिथंच तुझं बोट होतं, तिच्या पदराला धरलेलं.”

डागासकटच छापला.