पेटीआधी कान, मृदंगाआधी तोंड

सप्ताहात काल्याच्या दिवशी दहा-बारा वर्षांची पोरं कीर्तनकाराच्या मागे टाळ घेऊन उभी राहतात, एखादा मृदंगावर बसतो आणि गाव कौतुकानं म्हणतं, "लेकराच्या अंगातच आहे ते." मलकापूर-बुलढाणा रस्त्यावरच्या आमच्या मोताळ्यात आणि आसपासच्या खेड्यांत पोरांना पेटी अन् भजन शिकवता शिकवता माझं मत पक्कं झालं आहे : अंगात किती आहे यापेक्षा शिकवणाऱ्यानं सुरुवातीला काय केलं, यावर पोराचं गाणं ठरतं. मंडपात न दिसणारे हे काही किस्से त्यासाठीच.

एका मुलाला घरच्या-दारच्यांनी 'बेसूर' ठरवलं होतं. हाती टाळ देऊन त्याला मागे उभं करत. भजनी मंडळाची पेटी मोठ्या माणसांच्या सवयीनं पांढरी चारमध्ये लागायची. तो 'सा' त्याला खाली उमटत नव्हता आणि वर गेला की घसा ताणायचा. मी पेटी थांबवली. "नुसतं 'विठ्ठल' म्हण, लांबवून," असं सांगितलं आणि त्यानं सहज धरलेला सूर पट्ट्यांवर शोधला. काळी पाच निघाली. तोच 'सा' धरून दिला, तर पोरगं 'सा रे ग' सरळ चढून गेलं. दारात बसलेली त्याची आजी म्हणाली, "मंग इतके दिवस काहून नाही लागला, गुरुजी?" इतके दिवस सगळे पोरालाच पेटीकडे ओढत होते, पेटी पोराकडे कुणी नेलीच नव्हती.

पेटी वाजवण्यातली पहिली अडचण बोटांची नसते, भात्याची असते. नवी पोरं भाता हापशासारखा मारतात आणि सूर धापा टाकतो. म्हणून मी आधी एकच पट्टी दाबायला लावतो. डाव्या हातानं भाता इतका सावकाश ओढायचा की सूर ना फुगावा, ना खचावा. एका भात्यात कोणाचा सूर जास्त टिकतो, याची पोरांत शर्यत लागते. मग पांढरी एकपासून अंगठा, तर्जनी, मधलं बोट : सा, रे, ग. 'म'ला अंगठा खालून न्यायचा असतो आणि नेमकं तिथंच मनगट उचललं जातं, सूर तुटतो. अशा वेळी पूर्ण सप्तक पुन्हा पुन्हा घोकून घेण्यात अर्थ नाही. फक्त 'ग म, ग म' एवढाच तुकडा घ्यावा. अडतं तेवढंच सोडवावं.

मृदंगाची गोष्ट वेगळी. वाद्य एकच आणि शिकणारी पोरं ढीगभर. धुमेला, म्हणजे मृदंगाच्या डाव्या तोंडाला, कणीक लावायला मात्र सगळ्यांचीच घाई. ज्याची पाळी नाही त्यानं मांडीवर हात मारत तोंडानं बोल म्हणायचे, असा नियम केला. 'धा धी ना, धा ती ना', एका हातानं टाळी-खाली दाखवत. पुढं लक्षात आलं की वाट पाहत बोल म्हणणारी पोरंच वाद्यावर बसली की लय सोडत नाहीत. तोंडात बसलेला ठेका हातात उतरायला वेळ लागत नाही.

एका शिक्षकासमोर पुष्कळ पोरं, हा प्रश्न जुनाच आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गुरूच्या घरी राहून मिळणारी विद्या त्यांनी वर्गात आणली आणि त्यासाठी स्वरलिपीची पुस्तकं छापली. विष्णुबुवा जोगांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था उभी केली. दोघांनीही चांगलं गाणाऱ्या माणसाच्या भरवशावर न राहता शिकवण्याची रीत बसवली.

रीत पुस्तकाबाहेरही सापडते. तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर म्हणणारे एक बाबा आमच्याकडे येत. त्यांना स्वरांची नावं सांगता येत नसत. एक ओळ म्हणायचे, थांबायचे, पोरांनी तीच म्हणायची. चुकली तर रागावणं नाही, "ऐक बापा, पुन्हा ऐक," आणि तीच ओळ तशीच पुन्हा. त्या थांबण्यात पोरांचे कान तयार होत. स्वरांची नावं मी नंतर दिली, तेव्हा सूर पोरांच्या ओळखीचे झाले होते.

गावोगावच्या भजनी मंडळांत उत्तम वाजवणारे पुष्कळ आहेत. त्यांना माझी विनंती आहे : पोर समोर बसलं की आधी त्याचा सूर शोधा, बोल तोंडात बसवा, पाठ असलेल्या अभंगाची एकच ओळ घ्या आणि अडलेला तुकडा सोडवल्याशिवाय पुढं जाऊ नका. 'याला जमत नाही' हे वाक्य पहिल्या वर्षी तरी कोणत्याही लेकराच्या कानावर पडू देऊ नका.