पावसाच्या विनंतीला रोमचे पंचांग लागत नाही

कॅथलिक उपासनावर्षात ऋतूऋतूला वेगवेगळ्या हेतूंसाठी प्रार्थना होतात, आणि त्यांच्याबद्दल एक समज चांगलाच रुजला आहे. हे सारे युरोपातल्या हवामानावर बेतलेले, आपल्याकडे आयते आलेले. कोकणातल्या पेरणीला त्यात जागा नाही, असे म्हटले जाते. याला अगदीच आधार नाही असे नाही. रोममध्ये प्राचीन काळापासून वर्षातून चार वेळा बुधवार, शुक्रवार आणि शनिवार असे तीन दिवस उपास व प्रार्थना होत. इंग्रजीत त्यांना एम्बर डेज म्हणतात. गहू, द्राक्षे आणि ऑलिव्ह यांच्या हंगामांशी त्यांचा संबंध सांगितला जातो. अकराव्या शतकात पोप सातवे ग्रेगरी यांच्या काळात त्यांच्या वेळा पाश्चात्त्य ख्रिस्तसभेसाठी पक्क्या झाल्या: उपवासकाळाचा पहिला आठवडा, पेन्टेकॉस्टचा आठवडा, 14 सप्टेंबरच्या क्रूसाच्या सणानंतरचा आणि 13 डिसेंबरच्या संत लुसीच्या सणानंतरचा आठवडा. इटलीच्या शेतकऱ्याला हे सोयीचे होते. आपल्या भातशेतीशी त्याचा मेळ बसत नाही. पण तक्रार करणारे इथेच थांबतात, आणि नियम मात्र पुढे गेलेला आहे.

कारण याच्या जोडीला दुसरा समज आहे, की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर हे दिवस रद्दच झाले. 1969 साली पोप सहावे पॉल यांनी उपासनावर्षाचे जे सर्वसाधारण नियम मंजूर केले, त्यांत हे दिवस स्पष्टपणे आहेत. सर्व माणसांच्या गरजा, त्यातही जमिनीचे पीक आणि माणसाचे कष्ट यांसाठी प्रार्थना करावी आणि देवाचे जाहीर आभार मानावेत, हा त्यांचा उद्देशही तिथे सांगितला आहे. बदल झाला तो एवढाच, की ते केव्हा आणि कसे पाळायचे हे ठरवणे त्या त्या ठिकाणच्या बिशप परिषदेवर सोपवले. प्रदेश वेगळे, गरजा वेगळ्या, हे रोमनेच मान्य केले. पुढे अनेक ठिकाणी ते दिवस विस्मरणात गेले हे खरे. पण विसरणे वेगळे आणि रद्द होणे वेगळे. मिस्साच्या ग्रंथात आजही पेरणीच्या वेळची, कापणीनंतरची, पावसासाठीची, उघडिपीसाठीची, दुष्काळातली, भूकंपातली अशा वेगवेगळ्या मिस्सांच्या प्रार्थना छापलेल्या आहेत. पाऊस मागायचा तो अमुकच महिन्यात, असे बंधन त्यांवर नाही.

गोव्यात तर हा मेळ या नियमाच्या कितीतरी आधीच बसला होता. सासष्टीतल्या राय गावी 5 ऑगस्टला कोणसांचे फेस्त होते. धर्मगुरू भाताची नवी कणसे आशीर्वादित करतात, ती विळ्याने कापून चर्चमध्ये नेतात, लोक आपापल्या घरी नेऊन वेदीपाशी ठेवतात. गोव्यातल्या अशा फेस्तांची सुरुवात याच गावापासून होते. आता तारीख पाहा. 5 ऑगस्ट हा रोममधल्या मोठ्या मरिया मंदिराच्या समर्पणाचा दिवस, आणि त्याच्यामागची आख्यायिका आहे ती भर उन्हाळ्यात एस्क्विलिन टेकडीवर पडलेल्या बर्फाची. रायचे चर्चही त्याच नावाचे, हिममातेचे. तरीही त्या दिवशी राय गाव बर्फाची आठवण काढत बसत नाही, ते भाताच्या पहिल्या कणसाबद्दल आभार मानते. रोमची तारीख घेतली, हेतू मात्र शेताने ठरवला. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन समाजाचा आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होतो, कारण तिथले भात तेव्हा हाती येऊ लागते. अनुकरणच करायचे असते तर दोन जागी दोन महिने आले नसते.

काहींचा आक्षेप असा, की शेतीच्या प्रार्थना म्हणजे जुन्या रोमन सणांना दिलेला ख्रिस्ती मुलामा. एका बाबतीत धागा खरा आहे: 25 एप्रिलची मोठी मिरवणूक ही गव्हावरच्या तांबेऱ्यापासून पीक वाचावे म्हणून होणाऱ्या रोबिगालिया या सणाच्याच दिवशी आली. पण येशूच्या स्वर्गारोहणाआधीचे विनवणीचे तीन दिवस फ्रान्समधल्या व्हिएनचे बिशप मामेर्तुस यांनी 470 च्या सुमारास सुरू केले, ते भूकंप आणि आगींनी शहर हादरले म्हणून. तांबेरा कुणाच्याही गव्हावर पडतो. त्या भीतीची मालकी एका धर्माकडे नसते. साकडे कुणाला घातले आणि त्यासोबत काय केले, यावर फरक ठरतो. पाचव्या शतकातले पोप थोर लिओ डिसेंबरच्या उपासावरच्या प्रवचनांत गरिबांना दान देण्याचा आग्रह पुन्हा पुन्हा धरतात, तो याचमुळे.

उरतो सर्वांत जुना प्रश्न: देवाला सगळे ठाऊक आहे, मग हेतू सांगायचे कशाला? मत्तयच्या शुभवर्तमानात येशू आधी नेमके हेच सांगतो, की मागण्याआधीच पित्याला गरज माहीत असते, आणि लगेच रोजची भाकर मागायलाही शिकवतो. संत ऑगस्टीन यांनी प्रोबा नावाच्या स्त्रीला लिहिलेल्या पत्रात याचा उलगडा केला: मागण्याने देवाला माहिती मिळत नाही, आपली इच्छा घडते. ठरवून दिलेल्या हेतूंनी प्रार्थना यांत्रिक होते, मन आटते, ही भीती मला म्हणूनच पटत नाही. मनाला सोडून दिले तर ते घरच्या आजारपणाभोवती आणि मुलांच्या परीक्षांभोवती फिरते, आणि त्यात गैर काही नाही. पण गुड फ्रायडेच्या दहा विनंत्यांमध्ये यहुदी लोक, ख्रिस्तावर श्रद्धा नसलेले, देवच न मानणारे आणि सत्तेवरचे लोक येतात. ते एरवी किती जणांच्या प्रार्थनेत आले असते? नोव्हेंबरबद्दलही असाच घोटाळा होतो. मृतांची आठवण त्या महिन्यापुरती नसते. ती वर्षभर प्रत्येक मिस्सात असते. नोव्हेंबरमध्ये ती फक्त पुढे आणली जाते.

म्हणून विनंती धर्मग्रामांतल्या उपासना समित्यांना आहे. रविवारच्या मिस्साच्या विनंत्यांमध्ये स्थानिक समाजासाठी एक विनंती असते. छापील पुस्तिकेतली विनंती जशीच्या तशी वाचण्याआधी गावाला विचारा. जूनमध्ये रोपे टाकणाऱ्याला काय हवे आहे, 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी उठल्यावर समुद्रात निघणाऱ्याला काय हवे आहे, ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि वाचा. त्याला कुणाच्या वेगळ्या परवानगीची गरज नाही.