दुकानाची इमारत ‘वारसा’ यादीत आहे काय?

मुंबईत जुन्या इमारतीत गाळा असलेल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी भिंतीला हातोडा लावण्यापूर्वी एक चौकशी अवश्य करावी. शहरात वारसा इमारतींचे नियम १९९५ पासून लागू आहेत. यादीतील इमारत पाडायची किंवा तिच्यात फेरफार करायचा तर महापालिका आयुक्तांची परवानगी लागते. आयुक्त सहसा वारसा समितीचा सल्ला घेतात. नुसती घरमालकाची संमती पुरत नाही.

अशा इमारतींचे तीन दर्जे आहेत. पहिल्या दर्जात, उदाहरणार्थ १८६९ सालच्या क्रॉफर्ड मार्केटात, मजबुतीसाठी आवश्यक तेवढेच काम करता येते. दुसऱ्या दर्जात आतील बदल कडक तपासणीनंतर होऊ शकतात. तिसऱ्यात आतबाहेर बदलांना बराच वाव आहे, पण परवानगी घेऊनच.

आमच्या ओळखीच्या एका कापडवाल्याने ऐन लग्नसराईच्या तोंडावर लाकडी दर्शनी भाग काढून शटर बसवायला घेतले. काम थांबवण्याची नोटीस आली आणि सारा हंगाम बुडाला.

यादीत नाव आले म्हणजे दुकान गेले, हा मात्र गैरसमज आहे. त्याने मालकी बदलण्यास मनाई होत नाही. म्हणून आम्ही सांगतो, आधी दर्जा विचारा, मग मिस्त्री बोलवा.