वैकुंठधाम आणि पऱ्हाटी

2019च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या ‘पल्ले प्रगती’ कार्यक्रमाने तेलंगणात गावोगावी वैकुंठधामे, म्हणजे सोयींनी युक्त स्मशाने, उभी केली. आदिलाबाद जिल्ह्यात बेला, जैनद, तामसी या मराठी बोलणाऱ्या पट्ट्यातही दहनाचे ओटे, बसायची शेड, पाणी, न्हाणीघर आले. भर पावसात ओल्या सरणाशी झुंजणाऱ्या गावांसाठी ही सोय लहान नाही. मात्र स्मशानाची पर्यावरणाशी खरी गाठ पडते ती ओट्यावरच्या जाळात. सपाट जमिनीवर रचलेल्या सरणाला खालून हवा मिळत नाही, उष्णता चारी बाजूंनी निघून जाते, आणि लाकूड ओले असेल तर बराच जाळ त्यातले पाणी आटवण्यातच खर्ची पडतो. म्हणून एका दहनाला 400 ते 500 किलो लाकूड लागते. ‘मोक्षदा’ या संस्थेने 1992पासून यावरच काम केले. सरण जमिनीपासून उंच लोखंडी जाळीवर, बाजूंना उष्णता धरून ठेवणारे पत्रे, वर धुराडे. जाळीखालून वारा शिरतो, धुराडे तो वर ओढते, आणि 150 किलोच्या आसपास लाकडात काम होते. राख खाली वेगळी जमते, त्यामुळे सावडायलाही सोपे.

मग सरळ विद्युतदाहिनीच का नको? मोठ्या शहरात ती योग्यच आहे. पण दाहिनीच्या भट्टीतल्या विटा तापवायलाच बरीच वीज जाते. एकामागून एक दहने झाली तरच ती परवडते. भारताचा मृत्युदर हजारी सहा-सात धरला, तर दोन हजार वस्तीच्या गावात महिन्याला सरासरी एक मृत्यू होतो. तेवढ्यासाठी थंड भट्टी दरवेळी नव्याने तापवायची, तीही बव्हंशी कोळशाच्या विजेवर, यात पर्यावरणाचे भले कसले? वीज गेली तर ताटकळणे वेगळेच.

उरतो प्रश्न जळणाचा, आणि त्याचे उत्तर या कापसाच्या जिल्ह्यात शेताच्या बांधावरच पडलेले असते. वेचणी संपल्यावर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, बहुधा शेतातच पेटवल्या जातात. नागपुरात विजय लिमये यांच्या इको फ्रेंडली लिव्हिंग फाउंडेशनने शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या विटा, म्हणजे मोक्षकाष्ठ, दहनघाटांवर रुजवल्या. आदिलाबादला नवे काही शोधायचे नाही, फक्त हे तंत्र तिथून आणून पऱ्हाट्यांना लावायचे आहे. शेतात राहिलेल्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी तग धरते, म्हणून त्या वेळेवर उपटून काढा असे कृषितज्ज्ञ सांगतातच. उपटलेल्या पऱ्हाट्यांना विटांसाठी गावातच गिऱ्हाईक मिळाले तर शेतकऱ्यालाही दोन पैसे सुटतील. या विटा धूरमुक्त नाहीत, हे मान्य. धुराडे धूर उंच नेते, गाळत नाही. पण कोरडे आणि कमी जळण म्हणजे कमी धूर.

दहन लाकडाच्या चितेवरच व्हावे, हा धर्माचा आक्षेप गंभीरपणे ऐकायला हवा. दुःखाच्या घटकेला कुणावर काही लादू नये. पण जाळीवरच्या चितेला मुलगा अग्नी देऊ शकतो, कपालक्रिया होते, अस्थी मिळतात; बदलते ते फक्त खालचे जळण. तरीही ज्यांना लाकूडच हवे, त्यांना ते मिळावे, मात्र जाळीवर.

ओटे बांधून झाले आहेत. ग्रामपंचायतींनी येत्या वेचणीनंतर पऱ्हाट्या पेटवू न देता गोळा कराव्यात, चार-पाच गावांनी मिळून विटांचे एक यंत्र घ्यावे, आणि निदान एका ओट्यावर जाळी बसवावी.