मुद्दल खाणारे बेट



पेरणीच्या तोंडावर घरातली बियाण्याची ज्वारी दळून खाल्ली, तर काही दिवस भाकरीला तोटा पडत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, या घराचे यंदा बरे चालले आहे. पण शेतकरी जाणतो की ही बरकत नव्हे. हे मुद्दल खाणे झाले. एका अख्ख्या देशाने असेच मुद्दल खाल्ले तेव्हा काय झाले, ते आज पाहू. तो देश आपल्यापासून फार दूर आहे. पण त्याची गोष्ट आपल्या खताच्या पोत्याशी आणि आपल्या ताटाशीही जोडलेली आहे.

नाउरूची गोष्ट

पॅसिफिक महासागरात, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस नाउरू नावाचे बेट आहे. क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर. किनाऱ्याने फिरणारा रस्ता सुमारे १९ किलोमीटरचा. सायकलवर बसलेला माणूस दीड-दोन तासांत देशाला प्रदक्षिणा घालून येईल. १७९८ साली जॉन फर्न या इंग्रज कप्तानाने हे हिरवे बेट पाहिले आणि त्याला ‘रम्य बेट’ असे नाव दिले. तेथील लोक समुद्रात मासे धरीत, तळ्यात मासे पाळीत, नारळ आणि केवड्याच्या जातीच्या झाडाची फळे खात.

१९०० च्या सुमारास असे आढळले की या बेटाचा बहुतेक भाग उत्तम प्रतीच्या फॉस्फेट खडकाचा आहे. फॉस्फेट म्हणजे ज्यातून स्फुरदयुक्त खत बनते तो खडक. १९०७ पासून खोदाई जोरात सुरू झाली. बेटावर आधी जर्मनांची सत्ता होती. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या तीन सरकारांनी मिळून फॉस्फेट ताब्यात घेतले आणि ते आपापल्या शेतकऱ्यांना स्वस्त दराने पुरवले. बेटाच्या मूळ मालकांच्या हाती त्यातला थोडाच वाटा पडे.

१९६८ साली नाउरू स्वतंत्र झाला आणि १९७० साली खाणी त्याच्या हाती आल्या. मग पैशाचा पूर आला. माणशी उत्पन्नात या चिमुकल्या देशाची गणना जगातील अतिश्रीमंत देशांत होऊ लागली. कर नाही, दवाखाना फुकट, शिक्षण फुकट. सरकारने स्वतःची विमानसेवा काढली. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात १९७७ साली ५२ मजली इमारत उभी केली. १९९३ साली लंडनमध्ये एका संगीत नाटकातही पैसा घातला, ते नाटक पडले.

फॉस्फेट मात्र दर वर्षी कमी होत होते. शतक संपता संपता चांगला साठा जवळजवळ संपला. २००४ साली मेलबर्नची इमारत विकावी लागली. २००५ साली देशाचे एकुलते एक उरलेले विमान धनकोंनी नेले. बेटाचा सुमारे ८० टक्के भाग खोदून निघाला होता. आता तेथे पोवळ्याच्या चुनखडीचे उंच, टोकदार सुळके उभे आहेत. त्यांच्यावर नांगर चालत नाही, घरही बांधता येत नाही. उद्ध्वस्त जमिनीबद्दल नाउरूने १९८९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियाविरुद्ध दावा लावला. १९९३ साली तडजोड होऊन १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे ठरले. पैसे मिळाले, पण गेलेली माती पैशाने परत येत नाही.

ताटात काय झाले

पैसा आला तसे जेवणही बदलले. होडी घेऊन मासे धरण्यापेक्षा दुकानातला डबा फोडणे सोपे झाले. पांढरा भात, साखर, तळलेले पदार्थ, डबाबंद मांस आणि गोड पेये जहाजातून येऊ लागली. अंगमेहनत कमी झाली. १९७५-७६ च्या सुमारास डॉक्टरांनी पाहणी केली, तेव्हा तेथील प्रौढांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश लोकांना मधुमेह असल्याचे दिसून आले.

हिशेबाच्या वहीत या गोष्टी कशा दिसतात पाहा. माती विकली, उत्पन्न वाढले. डबे विकले गेले, व्यापार वाढला. मधुमेहाची औषधे खपली, तोही व्यवहार वाढला. देशाचे उत्पन्न मोजताना विकलेला माल जमेस धरतात. पडलेला खड्डा आणि गेलेले आरोग्य वजा करीत नाहीत. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची रीत बसवणारे अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी स्वतःच १९३४ साली अमेरिकेच्या संसदेला सांगितले होते की या आकड्यावरून लोकांचे कल्याण ठरवता येणार नाही. तरीही आज प्रत्येक सरकार तोच आकडा दर वर्षी वाढवू पाहते.

टक्क्यांचा हिशेब

कोणी म्हणेल, नाउरू छोटे होते, पृथ्वी मोठी आहे. त्याला उत्तर गणित देते. समजा, एखादा साठा आजच्या वापराने ३०० वर्षे पुरेल इतका आहे. पण वापर दर वर्षी फक्त ३ टक्क्यांनी वाढत गेला, तर तोच साठा सुमारे ७८ वर्षांत संपतो. बरे, नशिबाने साठा दुप्पट निघाला, म्हणजे ६०० वर्षांचा, तर तो किती टिकेल? सुमारे १०० वर्षे. साठा दुप्पट झाला, मुदत वाढली ती २२ वर्षांनी. चक्रवाढ व्याजाने सावकाराचे कर्ज कसे फुगते हे आपल्या घरांनी भोगले आहे. येथेही चक्रवाढच आहे. फरक एवढाच की कर्ज पृथ्वीचे आहे आणि फेडायचे नातवंडांनी आहे.

ज्याच्या घरी दोन वेळची चूल पेटत नाही, त्याच्या घरात वाढ झालीच पाहिजे. वासराने वाढावे, पोराने वाढावे. पण बैल पुरा झाला की वाढायचा थांबतो आणि त्यानंतरच वर्षानुवर्षे काम देतो. पुरेसे झाल्यावरही वाढत राहणे हे निरोगी जीवाचे लक्षण नाही.

आपल्या पोत्यातले स्फुरद

आपल्या डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात खताच्या हिशेबाने ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते. नत्र हवेत अमाप आहे. तूर, मूग, हरभरा यांच्या मुळांवरच्या गाठी ते जमिनीत आणतात. स्फुरदाचे तसे नाही. ते हवेत नसते, कारखान्यात तयार करता येत नाही आणि त्याची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही. ते खडकातून काढावे लागते. आपल्या देशात राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे खाण आहे, पण आपली गरज मुख्यतः परदेशी मालावर भागते. जगातील ज्ञात साठ्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश साठा एकट्या मोरोक्को व पश्चिम सहारा भागात आहे. तिकडे भाव चढला की इकडे पोत्याची टंचाई होते.

जे. सी. कुमारप्पा यांनी हा धोका फार पूर्वी ओळखला होता. तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात १८९२ साली जन्मलेले हे अर्थशास्त्रज्ञ गांधीजींचे सहकारी होते. वर्ध्याच्या मगनवाडीत राहून त्यांनी ग्रामोद्योगांचे काम केले आणि तुरुंगात असताना टिकाऊ अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले; ते १९४५ साली निघाले. त्यांनी संपत्तीचे दोन प्रकार सांगितले: साठ्याची आणि प्रवाहाची. कोळसा, तेल, धातू हा साठा. तो काढला की संपतो आणि त्याच्यासाठी राष्ट्रे भांडतात. झाडे, पिके, पाऊस, जनावरे हा प्रवाह. जपला तर तो दर वर्षी येतो. शहाण्या समाजाने शक्य तेवढे प्रवाहावर जगावे, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्या हातात काय आहे

१. माती परीक्षण करून घ्या. शेजाऱ्याने दोन पोती टाकली म्हणून आपण तीन टाकू नयेत. खानापूरकडच्या तांबड्या जमिनीत लोह व ॲल्युमिनियम, तर पूर्वेकडच्या काळ्या जमिनीत चुना स्फुरदाला धरून ठेवतो. टाकलेले सगळे पिकाला मिळत नाही.

२. शेणखताबरोबर स्फुरद विरघळवणारे जिवाणू वापरा. जमिनीत अडकलेल्या स्फुरदापैकी काही त्यामुळे पिकाला मिळू शकते.

३. बांध नीट ठेवा. वाहून जाणाऱ्या गढूळ पाण्याबरोबर स्फुरदही जाते.

४. शेणाचा उकिरडा उन्हापावसात उघडा ठेवू नका. खड्डा करून वर सावली करा. काडीकचरा जाळू नका, कुजवा. शेतातून आलेले शेताला परत गेले पाहिजे.

५. घरात नाचणी, ज्वारी, कडधान्ये आणि भाजी यांना पहिला मान द्या. पाहुण्यांपुढे बाटलीतले गोड पेय ठेवण्यापेक्षा ताक ठेवा. तिशी ओलांडलेल्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षातून एकदा रक्तातली साखर तपासून घ्यावी.

६. हप्त्यावर वस्तू घेण्याआधी आणि लग्नाचा मांडव वाढवण्याआधी घरातल्या सर्वांनी बसून विचार करावा: हे पिकाच्या पैशातून होणार आहे, की जमिनीचा तुकडा विकून? पिकातून होणार असेल तर करावे. जमीन विकून होणार असेल तर ते मुद्दल आहे, हे वहीत स्पष्ट लिहावे.

नाउरूच्या लोकांनी मुद्दाम काही वाईट केले असे नाही. बरीच माती तर दुसऱ्यांनीच नेली. पण विकलेल्या मातीचे पैसे ‘उत्पन्न’ या खान्यात लिहिण्याची चूक सर्वांनी मिळून केली. आपल्या घरच्या वहीत ती चूक होऊ देऊ नये.